टाकीचा गॅस घरात नको, छपरावर जाऊ द्या



गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ता सगळं मोकळेपणाने बोलतो. पण संडासाची गोष्ट निघाली की आवाज खाली जातो. "पाऊस लागला की संडासातून वास येते, बाप्पा", "पाणी टाकलं की गुडगुड होते अन् पाणी लवकर उतरत नाही", हे सारं बैठक उठल्यावर दारात बोललं जातं. मग कोणी फिनाईल टाकते, कोणी ॲसिड. वास तेवढ्यापुरता दबतो, कारण तसंच राहतं. उलट असं औषध रोज भरपूर टाकलं तर टाकीतला मैला कुजवणारे जंतू मरतात आणि टाकी लवकर भरते. माजरी कॉलरी असो की आजूबाजूचं खेडं, ज्या घरी सेप्टिक टाकी आहे त्या घरच्या बाईला हे माहीत असायलाच पाहिजे.

वास येतो कुठून?

टाकीत मैला हवेशिवाय कुजतो. त्यातून गॅस तयार होतो. त्यात मिथेन असतो, तो पेट घेतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो विषारी आहे. हा गॅस रोज तयार होणारच, तो थांबवता येत नाही. त्याला फक्त वाट दाखवता येते.

संडासाच्या भांड्याखाली वाकडा पाइप असतो, त्याला मिस्त्री ट्रॅप म्हणतात. त्यात थोडं पाणी कायम साचून राहतं. हे पाणी म्हणजे गॅसला लावलेलं दार. खेड्यातल्या कमी पाण्याच्या भांड्यात हे पाणी साधारण २० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढंच असतं. टाकी चारही बाजूंनी बंद असली आणि गॅसला दुसरी वाट नसली, तर तो या पाण्यातूनच बुडबुडे काढत घरात येतो. गुडगुड आवाज होतो तो याचाच. पावसाळ्यात आपली काळी माती पाणी पीत नाही, शोषखड्डा भरतो, टाकीतलं पाणी वर चढतं आणि गॅसला जागा कमी पडते. म्हणून पावसात वास जास्त.

उन्हाळ्यात वेगळी तऱ्हा. लग्नासाठी आठ-पंधरा दिवस घर बंद असलं की चंद्रपूरच्या उन्हात ट्रॅपमधलं पाणीच आटून जातं आणि दार उघडं पडतं. अशा वेळी परत आल्यावर संडासात आणि न्हाणीच्या जाळीत तांब्याभर पाणी टाकलं की काम होतं. मिस्त्री बोलवायची गरज नाही.

आधी पाहा, आपला संडास कोणता

१. दोन शोषखड्ड्यांचा संडास: याच्या खड्ड्यांच्या भिंतींना विटांची जाळी सोडलेली असते. गॅस मातीतच जिरतो. याला हवेचा पाइप लागत नाही. इथे वास येत असेल तर ट्रॅप पाहा, खड्ड्याच्या झाकणाची फट पाहा आणि दोन्ही खड्डे एकाच वेळी सुरू नाहीत ना, ते चेंबर उघडून पाहा. एका वेळी एकच खड्डा वापरायचा असतो.

२. सेप्टिक टाकी: ही सिमेंटची पक्की, बंद टाकी. हिला हवेचा पाइप पाहिजेच. काही ठिकाणी "कायले लागते?" म्हणून तो लावतच नाहीत, किंवा लावला तर कमरेएवढा ठेवतात.

पाइप कसा असावा?

सेप्टिक टाकीसाठीच्या भारतीय मानकात साधा नियम आहे. पाइप कमीत कमी ५० मिलिमीटर, म्हणजे २ इंच रुंद असावा. टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असेल तर पाइपाचं तोंड छपराच्या २ मीटर, म्हणजे साधारण साडेसहा फूट वर असावं. आपल्याकडे टाकी बहुतेक घराला लागूनच असते, म्हणून हाच नियम आपल्याला लागू. मिस्त्रीकडून काम करून घेताना एवढं पाहा:

- पाइपाचं खालचं टोक टाकीच्या स्लॅबखाली, पण पाण्याच्या वर असावं. पाण्यात बुडलं तर गॅस वर जाणार नाही.
- पाइप सरळ वर न्यावा. वळणं कमी ठेवावीत.
- तोंड आपल्या किंवा शेजारणीच्या खिडकीजवळ नको. नाही तर आपला वास तिच्या घरी आणि भांडण दोन्ही घरी.
- पाइप भिंतीला क्लॅम्पने घट्ट बांधावा. वादळात नुसता उभा पाइप टिकत नाही.

टाकी जुनी असेल आणि स्लॅब फोडायचा नसेल, तर भांड्यापासून टाकीकडे जाणाऱ्या पाइपावर बाहेरच्या बाजूला जोड काढून तिथून पाइप वर नेता येईल का, हे जाणत्या मिस्त्रीला विचारा.

तोंडावर जाळी, नाही तर डास

गॅसची वाट मोकळी केली, पण तोंड उघडं ठेवलं, तर त्यातून डास आत जातो. क्युलेक्स नावाचा डास घाण पाण्यात अंडी घालतो आणि सेप्टिक टाकी त्याची आवडती जागा. हाच डास हत्तीरोग पसरवतो. चंद्रपूर आणि गडचिरोली हे हत्तीरोगाचे जिल्हे. गोळ्या वाटायला आशाताई घरी येतात, त्या आपण समोर गिळायच्याच. पण ज्या टाकीत डास वाढतो तिचं तोंड बंद करणं आपल्याच हाती आहे. डास शिरणार नाही अशी बारीक जाळी पाइपाच्या तोंडावर तारेने आवळून बांधा. दिवाळीच्या साफसफाईत ती दरवर्षी पाहा, फाटली तर बदला. प्लास्टिकची पिशवी किंवा गच्च बसणारं झाकण मात्र लावू नका, त्याने गॅसची वाटच बंद होते. टाकीच्या झाकणाच्या फटीही सिमेंटने बुजवा.

टाकीत कोणालाही उतरवू नका

सखींनो, हे सर्वांत महत्त्वाचं. पाइप लावला म्हणून टाकीच्या आतली हवा श्वास घेण्याजोगी होत नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाकाला वास येणंच बंद होतं. माणूस म्हणतो "आता वास नाही" आणि तिथेच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. एकाच घरातली दोन-तीन माणसं अशीच जातात.

आपल्यातल्या कित्येकींच्या घरचं माणूस खाणीत काम करतं. भूमिगत खाणीत गॅस तपासतात, पंख्याने हवा खेळवतात, तेव्हाच कामगार आत जातो. मग अंगणातल्या टाकीत नवऱ्याला, पोराला किंवा मजुराला तसंच कसं उतरवायचं?

टाकी उपसायला मशीनची गाडीच बोलवा. झाकण उघडल्यावर वाकून पाहू नका, बिडी, आगपेटी जवळ आणू नका, लेकरं दूर ठेवा. कोणी आत पडलंच तर मागोमाग उडी घेऊ नका. आरडाओरड करा, अग्निशमन दलाला १०१ आणि रुग्णवाहिकेला १०८ लावा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पुढच्या बैठकीत

प्रत्येकीने घरी जाऊन चार गोष्टी पाहाव्या: संडास कोणता, पाइप आहे का, तो छपराच्या वर आहे का, तोंडाला जाळी आहे का. सचिवताईंनी रजिस्टरमध्ये यादी करावी. ज्यांना पाइप लागतो त्यांनी साहित्य एकत्र घ्यावं आणि एकच मिस्त्री लावावा, म्हणजे खर्च कमी पडतो. एखादीची अडचण असेल तर गटातून छोटं अंतर्गत कर्ज द्यावं. आणि टाकीत कोणी उतरणार नाही, हा ठराव ग्रामसंघात मांडून ग्रामपंचायतीला द्यावा. लाज वाटून गप्प बसण्याची ही गोष्ट नाही, आपल्या माणसाच्या जिवाची आहे.