सोळाव्या दिवसाची गोळी

आज दशाश्वमेध घाटावरून बोलतोय. निवृत्तीनंतर दर वर्षी मी महिनाभर काशीत राहतो. माझा नावाडी ठरलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी, जुलैच्या सुरुवातीला, त्याला हृदयविकाराचा झटका आला. आयुष्मान कार्डावर स्टेंट बसला, पदरचा पैसा लागला नाही. त्याला घरी सोडलं आणि मी पुण्याला परतलो. मोहीम फत्ते, असं मला वाटलं. चूक तिथेच झाली.

आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात; पण घरी गेल्यानंतरची औषधं १५ दिवसांपुरतीच. सोळाव्या दिवसापासून खर्च आपला. त्यात गंगेला पूर आला. पुरात होड्या बंद, म्हणजे कमाई बंद. त्याने गोळ्या आधी दिवसाआड केल्या, मग सोडल्या. नंतर मला म्हणाला, "साहेब, दुखायचं थांबलं होतं, मग गोळी कशाला?"

स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्या गोळ्या असतात, हे त्याला कोणी समजेल असं सांगितलंच नव्हतं. मीही नाही. दुसरा झटका आला. जीव वाचला, वल्हं सुटलं.

मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासात दिसलं, की गरीब क्षयरोगी घरी राहून औषध घेऊनही रुग्णालयातल्यांइतकेच बरे होतात. अट एकच, गोळी रोज पोटात गेली पाहिजे. फौजेत आम्ही मलेरियाची गोळी हवालदारासमोर गिळायचो, ती याचसाठी.

म्हणून रुग्णाला घरी नेण्याआधी चार कामं करा.

एक, कोणती गोळी कशासाठी आणि किती महिने, हे डॉक्टरांकडून घरच्यांसमोर वदवून घ्या.

दोन, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या; जनऔषधी केंद्रात तेच औषध बरंच स्वस्त मिळतं. सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं का, तेही विचारा.

तीन, वाचता येत नसेल तर पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा.

चार, घरातल्या एकाला जबाबदारी द्या. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी नवीन आणायच्या. त्रास झाला तर आधी डॉक्टरांना विचारायचं, मनाने बंद करायच्या नाहीत.

आता नावाड्याची सून रोज गोळी देते आणि मी दर रविवारी फोन करतो. हे दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

जय हिंद.