रेष आडवी झाली की...

तुमच्या टीमचा बर्नडाउन चार्ट आठवा. उरलेल्या कामाची रेष स्प्रिंटभर खाली यायला हवी. दोन दिवस आडवी राहिली, की समजायचं, गाडी कुठेतरी अडलीय.

आता जव्हार-मोखाड्याच्या अंगणवाडीत चला. इथला चार्ट ॲजाइलला बराच सीनिअर. डॉ. डेव्हिड मोर्ले यांनी १९५०च्या दशकात नायजेरियात तसा चार्ट वापरात आणला. आडवं वय, उभं वजन. हिरवा, पिवळा, केशरी पट्टा. इथे रेष वर जायला हवी. हिरव्यातलं मूलही दोन महिने त्याच वजनावर अडकलं, तर सेविकेनं घर गाठायचं. ताप? जुलाब? की आई दिवसभर मजुरीवर?

आपण शुक्रवारी चार तास इकडचे तिकडे करून रेष सरळ करतो (करतोच की!). इथे ठिपका वर सरकवला, तर जादा आहाराच्या यादीतून मूलच गळेल. १९९२-९३मध्ये कुपोषणानं मुलं दगावली ते वावर-वांगणी याच जव्हार तालुक्यातलं.

दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, रेष तुटते. २०२१पासून पोषण ट्रॅकर ॲप आलंय, स्थलांतरित मुलाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीत करता येते. मात्र भट्टीजवळच्या सेविकेनं त्याला शोधून काट्यावर ठेवायला हवं.