निळ्या पाण्याचा हिरवा काठ

लडाखच्या पूर्वेला पसरलेले चांगथांगचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर असून त्सो मोरीरी आणि त्सो कार ही त्यावरील दोन ख्यातनाम सरोवरे आहेत. ‘त्सो’ या शब्दाचा तिकडच्या भाषेतील अर्थच मुळी सरोवर असा आहे. हिमालयाच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश इतका कोरडा, की लेह येथे वर्षभरात सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस-बर्फ पडतो. तरीही येथे दलदली आणि ओली कुरणे टिकून राहिली, कारण त्यांना पोसणारे पाणी मुख्यतः हिवाळ्यात साठलेल्या बर्फातून आणि डोंगरांवरील हिमनद्यांतून उन्हाळाभर थोडेथोडे झिरपत येते. त्सो मोरीरीतून कोणतीही नदी बाहेर पडत नाही. आलेले पाणी केवळ बाष्पीभवनानेच जाते आणि मागे क्षार उरतात, म्हणून ते मचूळ आहे. त्सो कार तर इतके खारट, की चांगपा पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या काठचे मीठ गोळा करून त्याचा व्यापार करीत असत; शेजारचे स्तार्त्सापुक त्सो मात्र गोड्या पाण्याचे आहे.

पाहुण्यांच्या नजरेत आणि छायाचित्रांत भरतो तो या सरोवरांचा निळा विस्तार. प्रत्यक्षात येथील बहुतेक जीवसृष्टी त्या निळाईत नसून तिच्या कडेच्या अरुंद, चिखलट, हिरव्या पट्टीत, म्हणजे झरे आणि ओढे जेथे सरोवराला मिळतात तेथील लव्हाळ्यांत आणि ओल्या गवतात वसलेली असते, आणि पाणथळ प्रदेशाच्या प्रकृतीची परीक्षाही तेथेच करावी लागते. लडाखी लोक ज्याला ‘चा थुंग थुंग’ म्हणतात तो काळ्या मानेचा क्रौंच याच पट्टीतील पाण्याने वेढलेल्या उंचवट्यांवर घरटे करतो. त्याची मादी सहसा दोनच अंडी घालते, ती उबवण्यास सुमारे महिना जातो, पिलांना उडता येईपर्यंत आणखी तीनेक महिने लागतात आणि एवढ्यात थंडी दाराशी येते. उशीर झाल्यास पुन्हा सुरुवात करण्याइतका उन्हाळा येथे नसतो.

हवामानबदलाचा आघात या वेळापत्रकावरच होतो. पर्वतीय विकासाचा अभ्यास करणाऱ्या ‘इसिमोड’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगाची तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली, तरी वायव्य हिमालय आणि काराकोरममध्ये ती किमान ०.७ अंशाने अधिक राहील. तापमान वाढले की पाणथळ जागा आटतील असा सर्वसाधारण समज आहे, परंतु आरंभी बहुधा उलटेच घडते: हिमनद्या वेगाने वितळून ओढे फुगतात आणि बाहेर वाट नसलेल्या सरोवराची पातळी चढते. सपाट काठावर पातळीतील लहानसा चढही पुष्कळ कुरण आणि घरट्यांचे उंचवटे पाण्याखाली घेऊ शकतो. टंचाई त्यानंतरची, हिमनद्यांचा साठा घटल्यावरची. दरम्यान जमिनीखालीही एक बदल होत असतो. वर्षानुवर्षे गोठलेला मातीचा थर, ज्याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात, मडक्याच्या बुडासारखा पाणी अडवून धरतो. तो वितळला की वरचे पाणी खोल जिरते आणि कुरण सुकते. अशा थंड, पाण्याने भिजलेल्या जमिनीत वनस्पती पूर्ण न कुजता थरांनी साचतात. त्यांच्यात साठलेला कर्ब जमीन कोरडी पडली की कुजून वायुरूपाने हवेत जातो, म्हणजे तापमानवाढीने सुकलेले कुरण पुढच्या तापमानवाढीत स्वतःची भर घालते.

माणसाचा वावरही नेमका याच काठावर वाढला आहे. २०११ च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या २ लाख ७४ हजार होती. २०२२ मध्ये तेथे ५ लाखांहून अधिक पर्यटक गेले, आणि त्यांत मराठी माणसेही पुष्कळ असतात. पाण्याच्या अगदी जवळ नेलेल्या गाडीची चाके ओली माती दाबतात. थंडीमुळे वाढीचा काळ अत्यल्प असल्याने मोडलेले गवत पुन्हा धरण्यास वर्षे लागतात, आणि अशा चाकोऱ्या पाण्याचा पसरट प्रवाह एका चरात ओढून बाजूची जमीन कोरडी करतात. तंबूवसाहती आणि लष्करी छावण्या यांच्या उष्ट्याखरकट्यावर मोकाट कुत्र्यांची संख्या वाढली असून ती क्रौंचांची अंडी आणि पिले खातात. या दोन्ही हानी हवामानबदलाइतक्या दूरस्थ नाहीत. त्या रोखणे आज, स्थानिक पातळीवर शक्य आहे, म्हणून त्यांची उपेक्षा अधिक खटकते.

याच काठच्या कुरणांवरील चराईचा प्रश्न मात्र पशुपालकांवर सरसकट दोष ठेवून सुटणारा नाही. तिबेटमधून आलेल्या निर्वासितांचे कळप आणि १९६२ च्या युद्धानंतर सीमेपलीकडे तुटलेली कुरणे यांमुळे उरलेल्या गवतावर भार पडला, त्यात पश्मिना लोकरीच्या मागणीने शेळ्या वाढल्या. आता पांग परिसरातील नियोजित विशाल सौरप्रकल्पामुळे चराऊ जमीन जाईल अशी धास्ती चांगपांना आहे, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. त्सो मोरीरीच्या काठी असलेल्या कोरझोक गावातील याच समाजाने २००० साली ते सरोवर निसर्गाला अर्पण केलेले पवित्र स्थान म्हणून जाहीर केले होते. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत ते त्यानंतर, २००२ मध्ये आले. त्सो कारचा समावेश २०२० मध्ये झाला, त्याआधी नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरही या यादीत दाखल झाले होते. पट्टकदंब आणि चक्रवाक हे पक्षी हिवाळ्यात महाराष्ट्रातील जलाशयांवर उतरतात; लडाखच्या अशाच सरोवरांच्या काठी त्यांची वीण होते.