गावची मिसळ, गावचा वडा आणि वडीलधाऱ्यांचे पथ्य

‘खरी मिसळ कोणती?’ हा प्रश्न चार गावांच्या चार ज्येष्ठांना एकत्र बसवून विचारून पाहावा. कोल्हापूरकर झणझणीत कटाचा आणि सोबतच्या स्लाइस ब्रेडचा अभिमान सांगतील. पुणेकर पोहे, बटाट्याची भाजी आणि बेताचे तिखट यांच्या मेळाचे कौतुक करतील व रश्श्याला ‘सँपल’च म्हणतील. नाशिककर काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड आणि दह्याची वाटी यांच्याशिवाय मिसळीला मिसळ म्हणणार नाहीत. नागपूरकरांची निष्ठा तर पोह्यांवर ओतलेल्या हरभऱ्याच्या तर्रीवर असते. पदार्थाचे नाते एकच; पण प्रत्येकाच्या मनातले दुकान वेगळे, आणि ते दुकान बदलायला कोणीही तयार नसते.

आपला ठाणे-कल्याणचा परिसरही याला अपवाद नाही. ठाण्यात मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीचे नाव काढले की जुन्या ठाणेकराचा चेहरा उजळतो. तेथेच गजानन वडापावच्या पिवळ्या बेसनाच्या चटणीचे भक्त एका बाजूला आणि कुंजविहारच्या भल्यामोठ्या वड्याचे चाहते दुसऱ्या बाजूला, असा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कल्याणकरांचा मान ‘खिडकी वड्या’ला. वझे कुटुंबाने आपल्या घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात केली आणि ती खिडकीच त्या वड्याचे नाव होऊन बसली. वडापावाच्या जन्माचे श्रेय सामान्यतः दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिले जाते. परंतु कल्याणच्या एखाद्या आजोबांना ते सांगून पाहा, ते आपल्या खिडकीची बाजू सोडणार नाहीत.

ही ओढ केवळ आपल्याकडचीच आहे, असेही नाही. आपली नातवंडे ज्या पिझ्झ्यासाठी हट्ट धरतात, त्याच्याही गावोगावच्या तऱ्हा आहेत. इटलीतील नेपल्सचा पिझ्झा मऊ व फुगीर कडांचा, रोमचा पातळ व कुरकुरीत. अमेरिकेत न्यूयॉर्कचा दुमडून खाण्याजोगा, तर शिकागोचा खोल भांड्यात भाजलेला. नेपल्सच्या कारागिरांनी आपल्या पिझ्झ्याची रीत टिकावी म्हणून १९८४ मध्ये संघटना स्थापन केली, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्यांच्या कलेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. आपल्या गावच्या चवीसाठी माणूस असा जागतिक मंचापर्यंत जातो. मग घरातल्या ऐंशी वर्षांच्या माणसाने ‘एकदा माझ्या दुकानातली मिसळ आणा’ असे म्हटले, तर त्याला हावरटपणा का म्हणावे?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारीत आहे. वडीलधाऱ्या रुग्णांबरोबर येणारी मुले-सुना माझ्या दवाखान्यात बहुधा एकच तक्रार मांडतात: ‘डॉक्टर, यांना सांगा, बाहेरचे बंद म्हणजे बंद.’ त्यामागचे प्रेम मला दिसते. परंतु सरसकट बंदी हे प्रत्येक वेळी उत्तम औषध नसते.

उतारवयातील जीभ आणि भूक

वय वाढते तशी वासाची शक्ती मंदावते आणि जिभेची संवेदनाही कमी होते. चव म्हणून आपण जे अनुभवतो त्याचा मोठा भाग वासाचा असतो. त्यामुळे घरचे जेवण तेच असूनही ज्येष्ठांना ते ‘पाणीदार’ किंवा ‘अळणी’ वाटू लागते. काही औषधे यात भर घालतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिनमुळे काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते. नैराश्यावरील व इतर काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. कवळी नीट बसत नसेल तर चावणे त्रासाचे होते. त्यातच एकटेपणा आला की माणूस दोन घास खाऊन ताट सरकवतो.

वासाचा मेंदूतील मार्ग स्मृती व भावना सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी जवळून जातो. म्हणून फोडणीचा एक परिचित दरवळ पन्नास वर्षांपूर्वीचा फलाट, पहिला पगार आणि बरोबरचे मित्र समोर आणून उभे करतो. विस्मरणाच्या विकारात कालचे जेवण आठवत नसलेल्या व्यक्तीलाही तरुणपणीची चव ओळखता येते, हा अनुभव अनेक कुटुंबांना आला असेल.

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ मूळचे कोल्हापूरचे. पत्नीच्या निधनानंतर ते मुलाकडे कल्याणला राहायला आले. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असल्यामुळे घरी तिखट, तेल, मीठ, पाव सारेच बंद झाले. काही महिन्यांत वजन उतरू लागले. तपासण्यांत वजन घटण्याचे दुसरे कारण सापडले नाही. साखर तर अधूनमधून गरजेपेक्षा खालीच जात होती. औषधांची मात्रा कमी केली आणि पंधरा दिवसांतून एकदा, ठरवून, मिसळीला परवानगी दिली. मिसळीने आजार बरा होत नाही. पण त्या दिवशी ते तयार होऊन बाहेर पडत, मुलाशी गावच्या गोष्टी बोलत, आणि घरच्या आमटीतही थोडा गावचा मसाला पडू लागल्यावर जेवू लागले. वजनाची घसरण थांबली.

येथे एक सूचना. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात शरीराचे वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो कमी झाले, तर ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

दुकान तेच, ताट वेगळे

दुकान बदलायला सांगितले की वडीलधारे रुसतात; ताटात थोडा बदल सुचवला तर बहुधा ऐकतात. त्यासाठी पुढील गोष्टी आपल्याला करता येतील.

• मिसळीतील मोड आलेली मटकी ही जमेची बाजू आहे. तिच्यात प्रथिने व तंतू आहेत. ज्येष्ठांना स्नायू टिकवण्यासाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणून मटकी जास्त आणि फरसाण नावापुरते, असे सांगून मागवावे.

• रश्श्यावरचा तेलाचा तवंग चमच्याने बाजूला काढावा. तिखट कमी मागण्यात कमीपणा नाही.

• दोन पावांऐवजी एकच घ्यावा. पाव मैद्याचा असल्याने रक्तातील साखर लवकर वाढवतो.

• वडापाव दोघांत एक घ्यावा. सुकी चटणी आणि तळलेली मिरची यांत मीठ बरेच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी हवे. चवीसाठी मिठाऐवजी लिंबू पिळावे.

• तळणीचे तेल पाहावे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक संयुगे साठतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. तेल काळे, चिकट, धुरकट किंवा फेसाळ दिसले, तर त्या दिवशी वडा नको.

• गरम, उकळता रस्सा तुलनेने सुरक्षित. उघड्यावरचा चिरलेला कांदा, पातळ चटणी आणि अनोळखी पाणी जोखमीचे. पिण्याचे पाणी घरून न्यावे.

• वेळ सकाळची किंवा दुपारची ठेवावी. खाल्ल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नये, म्हणजे आंबट ढेकरा व जळजळ टळते.

• इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन रांगेत तासभर उपाशी उभे राहू नये. खिशात साखरेची पुडी असावी.

यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मीठच नव्हे, तर कडधान्ये व बटाटा यांतील पोटॅशियमही बाधू शकते. हृदयाची शक्ती कमी होऊन पायांवर सूज येणाऱ्यांना एका खारट जेवणानेही दम लागू शकतो. जठरात व्रण असलेल्यांनी व मूळव्याधीतून रक्त जाणाऱ्यांनी तिखट टाळावे.

पक्षाघात किंवा कंपवात झालेल्यांची गिळण्याची क्रिया मंदावलेली असू शकते. कोरडा पाव घशात अडकतो आणि पातळ रस्सा श्वासनलिकेत जाऊ शकतो. जेवताना वारंवार ठसका लागणे, आवाज घोगरा-ओलसर होणे, ही धोक्याची चिन्हे समजावीत. अशांना ताठ बसवून, लहान घास देऊन, न बोलता खाऊ द्यावे. आणि आधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

जळजळ की हृदयविकार?

हा परिच्छेद कृपया घरातील सर्वांनी वाचावा. झणझणीत खाल्ल्यानंतर छातीत दुखले की ‘तिखट बाधले’ असे म्हणून आम्लपित्ताची पूड घेण्याची आपल्याकडे रीत आहे. वृद्धांमध्ये, विशेषतः मधुमेहींमध्ये, हृदयविकाराचा झटका अपचनासारख्याच रूपात येऊ शकतो. काही वेळा छातीत दुखतही नाही. छातीवर दडपण, घाम, धाप, मळमळ, जबडा, खांदा किंवा हात यांत कळ, अचानक गळून जाणे, यांपैकी काहीही झाले तर दोष मिसळीला देत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि थेट रुग्णालय गाठावे. त्या वेळी वाचवलेली मिनिटे हृदयाचा स्नायू वाचवतात.

बाहेर जाणे शक्य नसेल तर

जिने उतरता येत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत, अशा वडीलधाऱ्यांसाठी गावची चव घरी आणता येते. मटकी मऊ शिजवावी, मसाला त्यांच्या गावचा वापरावा, फरसाणाऐवजी थोडे भाजलेले पोहे किंवा कुरमुरे घालावेत. वड्याचे सारण अप्पेपात्रात कमी तेलात करता येते. चव तंतोतंत जुळणार नाही, आणि आजोबा तसे सांगतीलही. सांगू द्या. ‘आमच्याकडे असे नसते’ म्हणत ते जी माहिती देतील, ती घरात दुसऱ्या कोणाकडे नसते. त्या दिवशी नातवंडांनी पिझ्झा मागवला असेल, तर एक तुकडा आजोबांनी चाखावा आणि मटकीचा एक घास नातवाने. चीजमध्येही मीठ व चरबी भरपूर असते, हे मात्र दोघांनी ध्यानात ठेवावे.

पथ्य हे आयुष्य जपण्यासाठी असते. ज्या चवीभोवती एखाद्याचे अर्धे आयुष्य गुंफलेले आहे, ती चव पूर्णपणे काढून घेण्याआधी ती थोडी, जपून आणि ठरवून देता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना एकदा विचारा. आणि शक्य असेल तर येत्या रविवारी सकाळी, गर्दी वाढण्यापूर्वी, त्यांना त्यांच्या दुकानापर्यंत घेऊन जा. एक मिसळ, दोन चमचे.