पोलिसांनी गाडी अडवली, पुढं घरानं काय करायचं?



दारू पिऊन गाडी चालवली म्हणून घरातल्या माणसाला पोलिसांनी पकडलं, असा फोन रात्री-अपरात्री येतो आणि धावपळ सुरू होते ती बाईची. पैसे कुठून आणायचे, सासऱ्यांना काय सांगायचं, सकाळी पोरांना शाळेत कसं धाडायचं, सगळं एकदमच डोक्यात येतं. म्हणून आज आम्ही हा विषय उलगडून सांगणार आहोत. अशा वेळी घरापुढं तीन कामं असतात : खटला, दारू आणि घर. तिन्हींची गल्लत केली की एकही धड होत नाही.

आधी खटल्याचं बघू. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ सांगतं, की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू आढळली, तर तो गुन्हा. मशीनमध्ये फुंकायला लावतात ते यासाठीच. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा सापडला तर कैद दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि दंड १५,००० रुपये होतो. लायसनही काही काळासाठी जाऊ शकतं.

या कलमाखाली अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते. हा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. मात्र अपघात होऊन कुणाला लागलं असेल, तर वेगळी आणि कडक कलमं लागतात. तिथं त्याच दिवशी वकील गाठायचा.

हे प्रकरण रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. म्हणून ‘इथंच मिटवून देतो, एवढे द्या’ असं कुणी म्हणालं, तर गळ्यातलं गहाण टाकून त्याच्या हातावर पैसे ठेवू नका. अटकेत असलेल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि कमी उत्पन्नाच्या माणसालाही मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, किंवा १५१०० या नंबरवर विचारा. गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाशी बोलावं. कोऱ्या कागदावर सही करू नये. आणि तारीख चुकवू नये, नाहीतर वॉरंट निघतं.

आता दारूचं. एकदा पकडला गेला म्हणजे माणूस व्यसनी आहेच, असं नाही. पण सकाळी उठल्यावर घोट लागत असेल, हात थरथरत असतील, सोडतो म्हणून पुन्हा पुन्हा धरत असेल, तर तो आजार आहे.

पकडलं गेल्यावर माणूस शरमेनं देवापुढं हात ठेवतो, माळ घालतो, ‘आजपासून थेंब नाही’ म्हणतो. शपथ मनापासूनची असते, पण शरीर शपथ ऐकत नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केलं, की पहिल्या दोन-तीन दिवसांत घाम, थरथर, उलट्या सुरू होतात, झोप उडते. काहींना फिट येते, नसलेलं दिसायला-ऐकायला लागतं. यात जीवही जाऊ शकतो. त्याला घरात कोंडून ठेवू नका, दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०८ला फोन करा. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

जेवणात गुपचूप कालवायच्या पुड्यांची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. दारू सोडवण्याची काही औषधं अशी असतात, की त्यावर दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. माणसाला न सांगता असलं काही देऊ नका.

मदत हवी असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. पुण्यात १९८६ साली सुरू झालेलं मुक्तांगण आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका फुकट असतात, आणि घरच्यांसाठी अल्-अनॉन आहे.

आता राहिलं घर. मालकाला ‘ताप आलाय’ म्हणून फोन करणं, बचत गटाचं कर्ज काढून दंड भरणं, पाहुण्यांपुढं सारवासारव करणं, ही कामं आपण आपल्याच गळ्यात घालून घेतो. ती त्याची आहेत. कोर्टात त्यानं उभं राहायचं, मालकाला त्यानं सांगायचं. यात त्याला शिक्षा देण्याचा हेतू नाही. आपण केलं ते त्याचं त्याला दिसलं, तरच पुढचं पाऊल पडतं. आपलं काम वेगळं : गाडीची किल्ली आपल्याकडे ठेवायची. लिंबूपाणी पिऊन, कॉफी घेऊन, डोक्यावर पाणी ओतून दारू लवकर उतरत नाही. ती यकृत आपल्या गतीनंच काढतं. रात्री जास्त झालेला माणूस सकाळीही चालवायच्या लायकीचा नसतो.

टेम्पो-रिक्षावरच चूल पेटत असेल, तर लायसन गेलं की हप्ता थकणार. थकायच्या आधीच फायनान्सवाल्यांशी बोलून मुदत मागा. पोरांना खरं पण थोडक्यात सांगा : ‘बाबांनी चूक केली, ती आता निस्तरायची आहे, यात तुमचा काही दोष नाही.’ आणि शरमेचा राग तुमच्यावर निघाला, हात उठला, तर १८१ किंवा ११२ लावा. अशा वेळी तुम्हाला स्वतःसाठी वकील मिळतो, तो उत्पन्न न बघता.

त्याच्याशी बोलायचं ते दिवसा, तो शुद्धीत असताना, चार माणसं नसताना. आणि याच आठवड्यात बोला. तारीख पुढं ढकलली जाते, शरम ओसरते, मित्र पुन्हा हाक मारतात. आत्ता त्याला भीती आहे, तोवर तो ऐकतो. या वेळी पोलिसांनी गाडी अडवली. पुढच्या वेळी तीच गाडी शाळेतून घरी निघालेल्या कुणाच्या लेकराला धडकली, तर मागं घेता येणार नाही.