रॉड चिकटला की शिक्षण सुरू

आयटीआयच्या वेल्डिंग शॉपमध्ये पहिल्या आठवड्यात जवळपास प्रत्येकाचा रॉड जॉबला, म्हणजे जोडायच्या पत्र्याला, चिकटतो. रॉड पत्र्याला टेकवायचा आणि लगेच उचलायचा, काम एवढंच. टेकवायला जमतं, उचलायला क्षणभर उशीर होतो. मग होल्डर गदागदा हलवायचा, तोवर रॉड लालबुंद होतो आणि शेजारचा पोरगा हसतो. निदेशक येऊन सांगतात, ‘अरे, काडेपेटीची काडी ओढतोस तसा ओढ.’

त्या टेकवण्या-उचलण्यात काय घडतं, ते एकदा समजलं की शॉपमधला कोपरा वेगळाच दिसायला लागतो. रॉड टेकला की शॉर्टसर्किट होतं आणि टोक तापतं. उचलला की मध्ये हवेची फट पडते. हवा एरवी वीज वाहून नेत नाही. पण तापलेल्या टोकातून सुटलेले इलेक्ट्रॉन आणि धातूची वाफ या फटीत शिरतात, हवेच्या अणूंची मोडतोड होते आणि तिचा प्लाझ्मा बनतो. हीच आर्क. लांबी साधारण रॉडच्या जाडीएवढी, म्हणजे तीनेक मिलिमीटर. तापमान पाच-सहा हजार अंश सेल्सिअस. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांच्या आसपास आहे! अठरा वर्षांचा मुलगा सूर्याच्या पृष्ठभागाइतकं तापमान तीन मिलिमीटरच्या फटीत धरून हात पुढे सरकवत असतो. आणि यासाठी लागणारा विद्युतदाब किती, तर वीस-पंचवीस व्होल्ट. घरातल्या प्लगच्या एक दशांश. कमाल आहे ती प्रवाहाची. नेहमीच्या ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला शंभर-सव्वाशे अँपिअर लागतात.

ही आर्क हंफ्री डेव्ही यांनी लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवली होती. तिच्यानं लोखंड जोडायला मात्र १८८० चं दशक उजाडावं लागलं. रशियातल्या निकोलाय बेनार्दोस यांनी कार्बनची कांडी वापरली, पुढे स्लाव्यानोव यांनी धातूचीच कांडी वितळवली. जोड बसत होते, पण ठिसूळ निघत होते. खोट हवेत होती. वितळलेलं पोलाद ऑक्सिजन आणि नायट्रोजन अधाशासारखं शोषून घेतं आणि थिजताना भोकं धरतं. त्यावर तोडगा काढला स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी. १९०४ मध्ये कंपनी काढून त्यांनी कांडीवर खनिजांचा लेप चढवला. त्या कंपनीचं ‘एसाब’ हे नाव आजही दुकानांत दिसतं.

लोकांना रॉड म्हणजे लोखंडाची तार वाटते. खरी करामत वरच्या लेपाची आहे. तो जळतो तेव्हा निघणारा वायू वितळलेल्या धातूभोवती पडदा धरून हवेला लांब ठेवतो. उरलेला भाग वितळून काचेसारखा वर तरंगतो, तोच स्लॅग. त्याच्या पांघरुणाखाली धातू सावकाश निवतो. मग चिपिंग हॅमरनं स्लॅग उडवायचा. चांगल्या रनवरचा, म्हणजे एका ओढीत घातलेल्या जोडावरचा, स्लॅग बऱ्याचदा सबंध पट्टीनं आपोआप सुटतो, आणि ते बघण्यात एक वेगळंच समाधान असतं. गेट-ग्रिलवाल्याकडे नेहमी दिसणाऱ्या रॉडच्या लेपात मुख्यतः रुटाइल असतं, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या रंगाला पांढरेपणा देतं, तेच. (रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू बघितली असेल, तर तिच्यातलं इल्मेनाइटही टायटॅनियमचंच खनिज.)

रॉडवर ६०१३ असा आकडा छापलेला असतो. त्यातले ६० म्हणजे जोडाची ताकद, दर चौरस इंचाला साठ हजार पौंड. आपल्या हिशेबात, एक चौरस सेंटिमीटर जोड सुमारे चार टन ओढ सोसतो. पुढचा १ सांगतो की हा रॉड आडवा, उभा, डोक्यावर, कुठल्याही स्थितीत चालतो.

डोक्यावर? वितळलेलं लोखंड खाली पडत नाही? थोडं पडतं, म्हणून तर चामड्याचं जॅकेट. पण बरंचसं वरच चिकटून राहतं. वितळलेल्या धातूचं डबकं लहान ठेवलं तर पृष्ठताण त्याला धरून ठेवतो, आर्कचा जोर थेंबांना वर ढकलतो आणि भोवतालचं थंड पोलाद उष्णता इतक्या झपाट्यानं ओढून घेतं की पडायच्या आत धातू थिजलेला असतो. गुरुत्वाकर्षणाशी ही शर्यत प्रत्येक सेंटिमीटरला नव्यानं लागते. वेल्डर ती मनगटानं जिंकतो.

काळ्या काचेमागून नवख्याला नुसता उजेड दिसतो. उजेडाच्या मागे बघायला शिकणं हाच खरा अभ्यासक्रम. हळूहळू तिथं डबकं दिसू लागतं, त्याची पुढची कड कशी खाते, मागची कशी भरते ते कळतं. कान तयार होतात. आर्कची लांबी बरोबर असली की सलग चरचर येते, लांबली की आवाज फाटतो. रनवरची प्रत्येक लाट म्हणजे डबकं थिजल्याची एकेक रेघ असते. जाणकार निदेशक ती बघून हात कुठे घाईत होता, कुठे थबकला ते सांगतात.

काही दोष मात्र कुणालाच लगेच दिसत नाहीत. पावसाळ्यात लेप ओलावा धरतो. आर्कमध्ये पाण्याचा हायड्रोजन सुटतो आणि गरम पोलादात मुरतो. जाड, कणखर पोलाद असेल तर सगळं थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, जोडाला आतून तडा जातो. म्हणून ७०१८ सारखे रॉड वापरण्याआधी ओव्हनमध्ये भाजून घेतात आणि महत्त्वाच्या कामात तपासणीला ४८ तास थांबतात.

मला सर्वांत थक्क करते ती १९४३ ची गोष्ट. १६ जानेवारीच्या रात्री अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या धक्क्याला ‘स्केनेक्टडी’ हा नवाकोरा टँकर उभा होता. पाणी शांत, थंडी कडक. मोठा आवाज झाला आणि जहाजाचा कणाच मोडला, फक्त तळाच्या पत्र्यानं दोन भाग धरून ठेवले. युद्धकाळात जहाजं रिव्हेटऐवजी वेल्डिंगनं जोडायला लागले होते. साहजिकच दोष वेल्डिंगवर गेला. अशा तुटलेल्या जहाजांचा अभ्यास केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी केला, तेव्हा दिसलं की त्या काळचं पोलादच थंडीत ठिसूळ होत होतं. पण मग जुनी जहाजं का मोडत नव्हती? रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेशी येऊन थांबायचा. वेल्डिंगच्या जहाजात थांबायला कडच उरलेली नव्हती. दोन पत्रे इतके एकजीव झाले होते की तड्याला पहिला कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ते कळतच नव्हतं. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘कलवरी’ पाणबुडीचं कवचही याच एकजीवपणावर समुद्राचा दाब सोसतं.

राज्यातल्या आयटीआयमध्ये हा व्यवसाय ‘संधाता’ या नावानं एका वर्षात शिकवतात आणि प्रवेशाला दहावी नापासही चालतं. एवढ्या पदार्थविज्ञानासाठी ही अट फारच उदार आहे, असं माझं मत. कधी शॉपमध्ये जायची संधी मिळाली, तर निदेशकांकडून काच मागून घ्या आणि ते डबकं बघाच. उघड्या डोळ्यांनी मात्र नको. आर्कचे अतिनील किरण बुबुळावरचा पडदा भाजतात, त्या वेळी काहीच जाणवत नाही, आणि काही तासांनी, बहुधा रात्री झोपेत, डोळ्यांत वाळू घातल्यासारखं दुखायला लागतं.