कमानपाट्याची कुऱ्हाड

नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी हे पश्चिमेकडील तालुके डोंगराळ व पावसाचे. भात आणि नागली ही तेथील मुख्य पिके. रोपांसाठी राब भाजावयाचा, तर त्याआधी टहाळ उतरवावा लागतो. कुंपणाच्या काट्या तोडणे, घराची मेढ तासणे, सरपण फोडणे ही कामे तर वर्षभर चालूच असतात. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातही खुंट तासण्यासाठी आणि जुनी खोडे काढण्यासाठी हाताशी हलकी कुऱ्हाड लागतेच. अशी कुऱ्हाड विकत घेणारा शेतकरी विक्रेत्याला एक प्रश्न हमखास विचारतो : 'पाट्याची आहे ना?'

पाटा म्हणजे मालमोटारीच्या कमानीतील पोलादी पट्टी. मुंबई-आग्रा महामार्ग नाशिक व मालेगाववरून जातो. अवजड वाहनांची अखंड वर्दळ असलेल्या अशा मार्गावर मोडलेल्या पाट्यांना तोटा नाही. ते भंगारात जातात आणि तेथून लोहाराच्या भट्टीवर येतात. शेतकऱ्याचा या पोलादावरील विश्वास सार्थ आहे. पण तो अपुरा आहे. एकाच पाट्यापासून घडविलेल्या दोन कुऱ्हाडींपैकी एक अनेक वर्षे टिकते, तर दुसरीची धार पहिल्याच हंगामात तुटते किंवा वळते. हा फरक पोलादाचा नसतो, हातोड्याच्या ताकदीचाही नसतो. तो लोहाराने पोलादाला दिलेल्या उष्णतेचा असतो. ही गोष्ट नीट समजून घेतली, तर गावातील एक जुना व्यवसाय आजही भक्कम पायावर उभा राहू शकेल.

जुनी परंपरा

कुऱ्हाड हे या प्रदेशातील अतिप्राचीन हत्यार होय. नाशिकच्या शेजारील अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी असलेल्या जोर्वे येथे तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. नाशिक व जोर्वे येथील उत्खनन १९५०-५१ मध्ये झाले आणि त्याचा अहवाल डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. विदर्भातील महापाषाणयुगीन दफनांत लोखंडी कुऱ्हाडी सापडल्या, तर नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष मिळाले. हे अवशेष इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील आहेत.

पुढे बलुतेदारीच्या व्यवस्थेत लोहार हा गावगाड्याचा आवश्यक घटक ठरला. फाळ शेवटणे, विळे-कोयते करणे, गाडीच्या चाकाला धाव चढविणे ही त्याची कामे आणि वर्षाकाठी मिळणारे धान्य हा त्याचा मोबदला. लोखंडी नांगर, ट्रॅक्टर आणि कारखान्यातील तयार अवजारे आल्यावर यांतील बरीच कामे संपली. कुऱ्हाड, कोयता आणि विळा ही कामे मात्र उरली. कारण त्यांत गिऱ्हाइकाच्या हाताला आणि कामाला जुळेल असा घाट लागतो.

भंगाराची पारख

लोखंडात कार्बन किती आहे, यावर त्याचे गुण ठरतात. बांधकामाच्या पट्ट्यांचे मऊ लोखंड साधारणतः पाव टक्का किंवा त्याहून कमी कार्बनचे असते. ते सहज वाकते, परंतु धार धरीत नाही. बिडात दोन टक्क्यांहून अधिक कार्बन असतो. ते घडविता येत नाही, हातोड्याखाली फुटते. कमानपाट्यात सुमारे अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असून सोबत सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम यांचा अंश असतो. वारंवार वाकूनही पूर्ववत होण्यासाठीच हे पोलाद बनविलेले असते. आघात सोसण्याचा हा गुण कुऱ्हाडीलाही हवा असतो.

भंगाराच्या तुकड्यावर जात लिहिलेली नसते. म्हणून दोन सोप्या परीक्षा कराव्यात. सहाणेच्या चाकावर धरल्यास मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब व सरळ जातात. कार्बनयुक्त पोलादाच्या ठिणग्या फुटून त्यांना फाटे येतात. दुसरी परीक्षा अधिक खात्रीची. बोटभर तुकडा लाल तापवून एकदम थंड करावा, फडक्यात गुंडाळून ऐरणीच्या कडेवर ठोकावा. तो वाकला तर धारेच्या कामाचा नाही. ताडकन मोडला आणि मोड बारीक रव्यासारखी दिसली, तर पोलाद उपयोगी आहे.

निवडीत सावधगिरीही हवी. मोडलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. म्हणून मोडीजवळचा आणि मधल्या बोल्टच्या छिद्राजवळचा भाग टाकून द्यावा. जस्ताचा मुलामा असलेले लोखंड भट्टीत घालू नये, त्याच्या धुराने ताप भरतो. दोन्ही टोके बंद असलेली नळी किंवा वाहनाचा धक्काशोषक कधीही तापवू नये. आतील हवा व तेल तापून स्फोट होण्याचा धोका असतो.

घडण

संपूर्ण कुऱ्हाड पाट्याची करण्याची गरज नसते. अंग मऊ लोखंडाचे आणि धार पोलादाची, ही जुनी पद्धत काटकसरीची आणि शास्त्रीयदृष्ट्याही योग्य आहे. लहान कुऱ्हाडीसाठी सुमारे २० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद व ८ मिलिमीटर जाड पट्टी आणि पाट्याचा ४ ते ५ सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. तयार हत्यार पाऊण किलोच्या आत बसते.

प्रथम पट्टीचा मधला भाग किंचित पातळ करतात आणि लंबगोल सुंब्याभोवती ती दुमडतात. दुमडीच्या जागी दांड्याचे नेढे तयार होते आणि पट्टीची दोन्ही टोके समोरासमोर येतात. पाट्याचा तुकडा पाचरीसारखा निमुळता करून या दोन टोकांमध्ये बसवितात. सांध्यावर टाकणखार पसरतात. तो वितळून लोखंडावरील मळ वाहून नेतो आणि सांध्याला हवा लागू देत नाही. दगडी कोळसा वापरावयाचा असल्यास त्याचा धूर व गंधक आधी जळून जाऊ द्यावे, अन्यथा सांधा धरत नाही.

सांधा धरण्याच्या वेळी लोखंड पिवळेधमक होते आणि त्याचा पृष्ठभाग ओला असल्यासारखा चमकतो. पहिले घाव हलके व झटपट घालावे लागतात. जोराच्या घावाने पोलादाचा तुकडा निसटतो. याच क्षणी चूकही होते. भट्टीतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या, म्हणजे पोलाद जळू लागले असे समजावे. जळलेले पोलाद कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. तेवढा भाग कापून टाकावा लागतो. उलट, लाली काळपट झाल्यावरही घाव घालीत राहिल्यास पोलादात चिरा पडतात. तापाच्या या दोन मर्यादांमध्ये काम करणे, हीच घडणीची खरी कसोटी होय.

पाणी देणे

धार कठीण करण्याच्या क्रियेला मराठीत 'पाणी देणे' म्हणतात. गंमत अशी, की पाट्याच्या पोलादाला प्रत्यक्षात पाणी सहसा मानवत नाही. पाण्यात ते इतक्या वेगाने थंड होते, की धारेला चीर जाण्याचा संभव असतो. त्यासाठी तेल हवे. गावातील अनेक कुऱ्हाडी बिघडतात त्या येथेच.

क्रियेमागील शास्त्र सोपे आहे. पोलाद पुरेसे तापले की त्यातील कार्बन लोखंडात विरघळतो. सावकाश थंड होताना तो पुन्हा वेगळा होतो. परंतु एकदम थंड केल्यास त्याला वेगळे व्हावयास अवधीच मिळत नाही. तो लोखंडाच्या कणरचनेत अडकून राहतो, रचना ताणली जाते आणि पोलाद कठीण, पण काचेसारखे ठिसूळ बनते.

हा योग्य ताप ओळखण्याचे साधन स्वस्त आहे : लोहचुंबक. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाचे चुंबकाकडे ओढले जाणे थांबते. पाट्याचे पोलाद याहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे ८३० ते ८६० अंश तापवावयाचे असते. म्हणजेच चुंबक चिकटेनासा झाल्यावर लाली किंचित उजळेपर्यंत थांबावे, अधिक नाही. हा रंग सावलीत पाहावा. भर उन्हात ताप नेहमी कमी वाटतो आणि पोलाद गरजेपेक्षा जास्त तापविले जाते.

पाणी देण्यापूर्वी कुऱ्हाड याच तापापर्यंत दोन-तीन वेळा नेऊन मोकळ्या हवेत थंड होऊ द्यावी. घडणीतील ताण त्यामुळे जातात आणि कण बारीक होतात. मग पुन्हा तापवून धारेचा भाग कोमट तेलात बुडवावा. तेल भडकू शकते. म्हणून भांडे लोखंडी असावे, जवळ झाकण व वाळू असावी. पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नये.

एवढ्यावर काम संपले असे मानणे ही दुसरी मोठी चूक. या अवस्थेतील धार लाकडाच्या गाठीवर बसताच तुटते आणि उडालेला तुकडा डोळ्याला इजा करू शकतो. म्हणून पाणी दिल्याबरोबर धार उतरवावी लागते. धारेची बाजू घासून चकचकीत करावी आणि कुऱ्हाडीची मागील बाजू तापलेल्या लोखंडी ठोकळ्यावर ठेवावी. उष्णता पुढे सरकू लागते, तसे चकचकीत भागावर रंग दिसू लागतात : आधी गवतासारखा पिवळा, नंतर तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. पिवळा रंग सुमारे २३० अंशांचा, तर निळा सुमारे ३०० अंशांचा असतो. धारेवर जांभळा रंग पोहोचून निळ्याची सुरुवात होताच कुऱ्हाड थंड करावी. धार आता कठीण राहते, पण ठिसूळ राहत नाही. मऊ लोखंडाचे अंग तर कठीण झालेलेच नसते. घावाचा धक्का ते सोसते.

दांडा आणि परीक्षा

दांड्यासाठी धामण, तिवस किंवा बाभळीचे वाळलेले लाकूड चांगले. त्याच्या रेषा दांड्याच्या लांबीने गेलेल्या असाव्यात. ओल्या लाकडाचा दांडा वाळल्यावर आकसतो आणि पाते निसटते. म्हणून पाचर घट्ट बसली आहे की नाही, हे वापरापूर्वी प्रत्येक वेळी पाहावे. चाकावर धार लावताना ती वारंवार पाण्यात बुडवावी. कडेला निळा रंग आला, तर दिलेले पाणी उतरले असे समजावे.

गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी बाभळीच्या सुक्या गाठीवर काही घाव घालून पाहावेत. धार तुटली तर ती फार कठीण राहिली. वळली तर फार मऊ झाली. पोलाद जळलेले नसेल, तर दोन्ही दोष पुन्हा पाणी देऊन दूर करता येतात. ही परीक्षा लोहाराच्याच भट्टीवर झाली, तर त्याची पत राखली जाते. ती शेतकऱ्याच्या बांधावर झाली, तर पुढचे गिऱ्हाईक बाजारातील तयार कुऱ्हाडीकडे वळते.

शाळा आणि पंचायत

शिक्षकांच्या दृष्टीने लोहाराची भट्टी ही विज्ञानाची प्रयोगशाळाच आहे. उष्णतावहन, चुंबकत्व, मिश्रधातू, ऑक्सिडीकरण हे पाठ्यपुस्तकातील विषय तेथे प्रत्यक्ष दिसतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची आणि स्थानिक कारागिरांकडून अनुभव घेण्याची कल्पना मांडली आहे. सुरक्षित अंतरावरून, डोळ्यांवर चष्मा लावून पाहिलेली एक कुऱ्हाडीची घडण या हेतूला पूर्णपणे साजेशी ठरेल.

पंचायतीची जबाबदारी अधिक थेट आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश करण्यात आला. त्यांत लोहारकाम आहे. प्रशिक्षण व प्रशिक्षणकाळातील विद्यावेतन, अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज अशी तिची रचना आहे. नोंदणी सामाईक सेवा केंद्रामार्फत होते आणि ग्रामीण भागातील पडताळणीचा पहिला टप्पा ग्रामपंचायतीचा असतो. अर्जदार खरोखर हातोडा चालविणारा आहे की नाही, हे गावाइतके अन्य कोणाला ठाऊक असणार?

येथे घिसाडी कुटुंबांचा विचार विशेष अगत्याने व्हावयास हवा. गावोगाव पाल ठोकून ही कुटुंबे अवजारे घडवितात. अनेकदा पुरुष सांडशी धरतो आणि घण स्त्री मारते. एका ठिकाणी वास्तव्य नसल्याने कागदोपत्री नोंद होताना ती राहून जाण्याचा संभव अधिक असतो आणि घण मारणाऱ्या स्त्रीची कारागीर म्हणून दखलही क्वचितच घेतली जाते. ज्या गावाच्या कडेला त्यांचे पाल पडते, त्या गावच्या सदस्यांनी स्वतः चौकशी करून त्यांना कागदपत्रांचा मार्ग दाखविणे आवश्यक आहे.

भट्टीवर मिळणाऱ्या साहाय्यातून नवी ऐरण किंवा विजेवरील भाता येईल, ही इष्ट गोष्ट होय. परंतु त्याचबरोबर एक लोहचुंबक, तेलाचे भांडे आणि डोळ्यांसाठी चष्मा या अल्प खर्चाच्या वस्तूही प्रत्येक भट्टीवर असल्या पाहिजेत. पोलाद महामार्ग पुरवितो आणि हात लोहाराचा आहेच. त्याला तापाचे नेमके ज्ञान जोडून दिले, तर 'पाट्याची आहे ना?' या प्रश्नाला लोहार निःशंकपणे होकार देऊ शकेल.